हात लावा, मोडलं तर आम्ही भरू

(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बोलायला विषय दिला होता, ‘माझी वाटचाल’. मी संगणक अभियंता आहे. दिवसाचे नऊ तास खुर्चीवर बसून असते. त्या वाटचालीत चालणं फारच कमी आहे, त्यामुळे मी विषय बदलून मागितला. गेल्या मे महिन्यात आमच्या घरातल्या चौघी एका दिवसासाठी मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो होतो. मी त्या एका दिवसाबद्दल बोलणार आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे खिसे सांभाळून बसता येईल.

चौघी म्हणजे मी, माझी नववीत गेलेली लेक, माझी आई आणि माझी भाची. आईला तुमच्यातले बरेच जण ओळखता. मधल्या सुट्टीत आमच्या ओट्यावर पाणी प्यायला येणाऱ्यांना तिने कधी नाही म्हटलं नाही. ती स्वतः चौथी शिकलेली. भाची याच शाळेत शिकते, आता आठवीत आहे. तुम्ही आत येताना दारात ज्या मुली गुलाबपाणी शिंपडत होत्या, त्यांत ती होती.

आई आणि भाची सुट्टीत माझ्याकडे ठाण्याला आल्या होत्या. अजिंठ्याहून एसटीने जळगाव, तिथून रात्रीची रेल्वे. मुंबईत काय बघायचं, असं विचारल्यावर भाची म्हणाली, समुद्र. आई म्हणाली, महालक्ष्मी. मग एका दिवसात तिन्ही बसतील असा बेत केला. सकाळी ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून महालक्ष्मी स्टेशन, देवीचं दर्शन, मागचा समुद्र, आणि मग वरळीचं विज्ञान केंद्र. खरं सांगायचं तर विज्ञान केंद्र हे दुपारच्या उन्हातून सुटका म्हणून यादीत घातलं होतं. पण साडेअकराला आत शिरलेल्या आम्ही बंद व्हायच्या वेळी बाहेर पडलो.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९७७ साली तिथे प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं पहिलं दालन सुरू झालं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं, त्या वर्षी मोकळ्या आवारात विज्ञान उद्यान उभं राहिलं. आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी संपूर्ण केंद्र लोकांसाठी खुलं झालं. इमारतीचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे, मूळचे आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे. पण इमारतीपेक्षा महत्त्वाचं हे, की तिथल्या बहुतेक वस्तू काचेच्या पेटीत नाहीत. दांडा ओढायचा, चाक फिरवायचं, बटण दाबायचं, नळीला कान लावायचा. आपण काही केल्याशिवाय ती वस्तू काहीच सांगत नाही.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास मी भाचीकडे बघत होते. ती प्रत्येक वस्तूसमोर नीट उभी राहायची, पाटी वाचायची आणि पुढे जायची. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. माझी लेक तोवर चार चाकं फिरवून, दोन बटणं दाबून पुढच्या दालनात पोचलेली. मी भाचीला म्हटलं, “अगं, फिरव की ते.” ती म्हणाली, “आत्या, हात लावला तर चालतो का?”

ही मुलगी भित्री नाही. आमच्या शेतात साप निघाला तर काठी घेऊन पुढे होणारी आहे. विज्ञानाच्या चाचणीत तिला वीसपैकी अठरा गुण होते. कप्पी म्हणजे काय, स्थिर कप्पी आणि चल कप्पी यांतला फरक, हे तिने मला लोकलमध्ये घडाघडा म्हणून दाखवलं होतं. फक्त कप्पी तिने कधी हातात धरली नव्हती.

हे हात पाठीमागे कुठून आले, हे तुम्हाला-मला सांगायला नको. ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’ आपण सगळे त्याच शिस्तीत वाढलो. साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळायचा तर दुसरा उपाय काय होता, हेही आता आपल्याला कळतं. त्या शिस्तीने आपलं भलंही केलं. पण विज्ञान शिकायचं तर ती घडी कधीतरी सोडावी लागते, आणि बोट तोंडावरून काढून वस्तूवर ठेवावं लागतं.

भाचीची घडी सोडवली आईने. बाहेर उद्यानात कप्प्यांवर टांगलेल्या खुर्च्या आहेत. खुर्चीत बसायचं, समोरचा दोर ओढायचा आणि स्वतःच स्वतःला वर उचलायचं. एका खुर्चीला कप्प्या कमी, दुसरीला जास्त. आई जवळ गेली, वर बघितलं आणि म्हणाली, “ह्ये तं मोटंचं चाक हाय.” मग माहेरच्या विहिरीवर मोट कशी चालायची ते तिने दोन्ही नातींना सांगितलं. वर मोठं चाक, त्यावरून जाणारा नाडा, बैल धावेवरून उताराने खाली जायचे आणि पाणी थारोळ्यात ओतलं जायचं. बैल चढावर नाही, उतारावर ओढतात, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही कामाला येतं. हे कुठल्या पुस्तकात असतं? मी अभियांत्रिकीची चार वर्षं शिकले, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

बोलता बोलता आई खुर्चीत बसलीसुद्धा. आधी कमी कप्प्यांच्या खुर्चीत. दोर ओढला, जेमतेम वीतभर वर गेली. मग जास्त कप्प्यांच्या खुर्चीत बसली आणि सरसर वर गेली. खाली उतरल्यावर म्हणाली, “हलकं लागतं, पण दोर लई ओढावा लागतो. फुकट काही न्हाई.” मंडळी, यंत्रांच्या धड्याचं सार याहून थोडक्यात सांगता येणार नाही. बल कमी लावायचं असेल तर अंतर जास्त कापावं लागतं, काम तेवढंच राहतं. माझ्या चौथी शिकलेल्या आईने ते दोन खुर्च्यांत बसून सांगितलं.

आजी दोर ओढतेय म्हटल्यावर भाचीचे हात सुटले. पुढे एका ठिकाणी एकाच दांड्यावर लहान आणि मोठी अशी दोन चाकं बसवली होती. लहान चाकाने दांडा फिरवायला जोर लागतो, मोठ्याने सहज फिरतो. माझी लेक लगेच म्हणाली, “टॉर्क.” शब्द बरोबर होता. आईने तिला विचारलं, “जात्याचा खुंटा कडेलाच काहून असतो?” लेकीने जातं फक्त हळदीच्या समारंभात सजवलेलं बघितलेलं. ती गप्प. भाचीने उत्तर दिलं, “मधी ठोकला तर फिरणारच नाही ना.” त्या क्षणी तिघींकडे एकेक तुकडा होता. एकीकडे शब्द, एकीकडे अनुभव, एकीकडे तर्क. आमची शाळांची व्यवस्था अशी आहे, की हे तीन तुकडे सहसा एका माणसात भेटत नाहीत.

नंतर भाची एका लोलकापाशी अडकली. लोलक जड लोखंडी, आणि आपल्या हातात बारीक दोरीला बांधलेलं एक छोटंसं चुंबक. चुंबक लोलकाला चिकटवायचं आणि हलकेच ओढायचं. जोरात ओढलं की चुंबक सुटतं. पंधरा-वीस वेळा सुटलं. पण लोलक स्वतःहून जितका हलतो त्याच तालात, तो आपल्याकडे येत असतानाच ओढलं, तर तो हळूहळू मोठा झोका घ्यायला लागतो. शेवटी तो एवढा जड लोलक त्या दोऱ्याने हलू लागला. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती वळून म्हणाली, “नागपंचमीच्या झोक्यासारखं आहे. झोका मागं जाताना ढकललं तर थांबतो.” पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. पुस्तकातला शब्द तिला दोन वर्षांनी भेटेल, पण तो भेटेल तेव्हा तिच्या हातांना आधीच ओळखीचा असेल.

आणि मग तिने तिथल्या मदतनीस दादांना तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी आज इथे उभी आहे. “मोडलं तर?”

दादा हसून म्हणाले, “मोडलं तर दुरुस्त करू. त्यासाठी माणसं आहेत.”

ती काहीच बोलली नाही. पण परतीच्या लोकलमध्ये, दादर गेल्यावर, म्हणाली, “आत्या, तिथं मोडलं तरी कुणी भरून मागत नाही.” दिवसभरात बघितलेल्या एवढ्या सगळ्या गोष्टींमध्ये तिला सगळ्यात नवल याचं वाटलं होतं.

आता थोडं आपल्या गावाबद्दल. आपण अजिंठ्याची मुलं. आपल्या लहानपणी सगळ्यात जास्त वाचलेली पाटी कोणती असेल तर ‘हात लावू नका’. घाट उतरून फर्दापूरच्या बाजूने लेण्यांवर सहल गेली की प्रत्येक दाराशी ती पाटी. आणि ती पाटी योग्यच आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा तो रंग चिकणमाती, भाताचं तूस, गवताचे तंतू असल्या गिलाव्यावर चढवलेला आहे. माणसाच्या हाताचा घाम, श्वासातला ओलावा, सगळंच त्याला घातक. चांगल्या हेतूने केलेला उपायसुद्धा तिथे अंगलट आला. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी लाखेचा थर दिला, आणि पुढे तोच थर पिवळा पडून चित्रं झाकोळली. अशा ठिकाणी हात लांब ठेवणं हीच भक्ती. १९८३ पासून तो जागतिक वारसा आहे, म्हणजे ती राखण आपण जगासाठी करतो.

पण त्याच लेण्यांमध्ये दुसरी गोष्टही आहे. चोवीस क्रमांकाचं लेणं आठवा. अर्धवट सोडलेलं, छिन्नीच्या खुणा अजून तशाच. पूर्ण झालेल्या लेण्यात देखणेपण दिसतं, चोवीसमध्ये काम दिसतं. कुठून सुरुवात केली, खांबासाठी दगड कसा राखून ठेवला, हे तिथे कळतं. ती लेणी हात लावणाऱ्या माणसांनी केली. कुणीतरी पहिली छिन्नी चुकीची मारली असेल, कुणाचा तरी गिलावा गळून पडला असेल, तेव्हा कुठे एक नंबरचा पद्मपाणी झाला. आणि आपल्या लहानपणी लेण्यांच्या दारात आरसा किंवा चकचकीत पत्रा धरून आत ऊन पाडणारी माणसं होती, आठवतात? बाहेरचं ऊन एका आरशावरून आत, आतल्या पांढऱ्या कापडावर, आणि तिथून भिंतीवर. प्रकाशाच्या परावर्तनाचा अख्खा धडा आपल्या गावची माणसं पोटासाठी रोज करत होती. आपण तोच धडा वर्गात बाणांच्या आकृतीने पाठ करत होतो.

तसेच ते दगड. आपल्यातले काही जण सुट्टीत पर्यटकांना दगड विकायचे. एकजण तिसऱ्या रांगेत बसून हसतोय, नाव घेत नाही. ओबडधोबड गोटा नुसता तळहातावर तोलून, आत पोकळी आहे का आणि स्फटिक निघतील का, हे तो सांगायचा. जांभळा ॲमेथिस्ट, पांढरा स्फटिक, पट्ट्यांचा अगेट, सगळे हाताने ओळखायचा. आणि हाच मुलगा भूगोलात ‘खडकांचे प्रकार’ या प्रश्नाला गटांगळ्या खायचा. त्याच्या हातातलं ज्ञान आणि वहीतलं ज्ञान यांची कुणी ओळखच करून दिली नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. लेण्यांवर ‘हात लावू नका’ ही पाटी हवीच. पण आपण ती पाटी उचलून प्रयोगशाळेच्या दारावरही लावली. प्रयोगशाळेचं लेणं करून टाकलं.

अशी विज्ञान केंद्रं सुरू कशी झाली, याची एक गोष्ट आपल्या शिक्षकांना आवडेल म्हणून सांगते. अणुबॉम्बच्या प्रकल्पाचे वैज्ञानिक प्रमुख रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ फ्रँक हेही भौतिकशास्त्रज्ञ. १९४९ मध्ये राजकीय कारणांवरून त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. पुढची दहाएक वर्षं त्यांनी कोलोरॅडोत डोंगराळ भागात गुरं पाळली. नंतर तिथल्याच पगोसा स्प्रिंग्ज नावाच्या आडगावातल्या शाळेत ते विज्ञान शिकवू लागले. शाळेत साधनं बेताची. म्हणून ते मुलांना घेऊन गावाच्या भंगारात जायचे आणि मोडक्या गाड्यांच्या भागांवरून यंत्रं, उष्णता, वीज शिकवायचे. पुढे विद्यापीठात परतल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मांडून ठेवलेल्या प्रयोगांचं एक ग्रंथालयच उभं केलं. आणि १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केलं. जगभरातल्या हात लावायच्या विज्ञान संग्रहालयांना तिथून मोठी प्रेरणा मिळाली. म्हणजे त्या थोर संस्थेचं एक मूळ गावच्या शाळेत आणि गावच्या भंगारात आहे. आपल्याकडे दोन्ही आहे.

आपल्या देशातही हे नवं नाही. कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक संग्रहालय १९५९ चं. १९६५ मध्ये त्यांनी प्रयोग बसवर चढवून खेड्यांतल्या शाळांकडे न्यायला सुरुवात केली. नेहरू विज्ञान केंद्राच्याही अशा बस फिरतात. आणि पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी २००३ पासून अकरा वर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्हट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून शेकडो खेळणी करून दाखवली. आयआयटीतून शिकलेला हा माणूस. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साधन महाग असावं लागतं, ही समजूत त्यांनी कायमची मोडली.

तुम्ही म्हणाल, आपल्या शाळेत असं कधीच काही झालं नाही का? झालं. तुम्हाला सगळ्यांना आठवतंय. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. आपण दहावीत होतो. देशभर गणपती दूध पितोय अशी बातमी आली आणि गावातल्या देवळांसमोर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी आपले विज्ञानाचे सर वर्गात आले ते पेला, चमचा आणि टेबलावरचा काचेचा पेपरवेट घेऊन. सर आज इथे बसले आहेत. सरांनी कुणाची टिंगल केली नाही. देवाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फक्त दुधात लाल शाईचे थेंब टाकले, चमचा काठोकाठ भरला, तो किंचित कलता करून पेपरवेटला टेकवला. दूध कमी कमी होत गेलं. आणि पेपरवेटच्या पोटावरून एक लाल रेघ खाली उतरताना दिसली. चमच्यातलं दूध काचेला टेकलं की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली वाहतं. पांढरं दूध पांढऱ्या दगडावर दिसत नाही, लाल दिसतं. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही त्या वेळी रंगीत दूध वापरूनच हे दाखवलं होतं.

त्या दिवशी सरांनी चमचा सगळ्यांच्या हातात दिला. शेवटच्या बाकापर्यंत. तास संपला, पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्याही आत येऊन बघू लागल्या. मला सांगा, दहावीच्या विज्ञानातलं दुसरं काय तुम्हाला इतकं लख्ख आठवतं? मला कामाच्या ठिकाणी कुणी ठामपणे काही सांगितलं, की आजही आत कुठेतरी ‘शाई टाकून बघू’ असा आवाज येतो. मी अभियंता झाले त्यात त्या चमच्याचा वाटा आहे. सर, हे तुम्हाला सांगायचं तीस वर्षं राहून गेलं होतं.

मग असे तास रोज का झाले नाहीत? सर शिकवायला तयार नव्हते म्हणून? मुळीच नाही. त्या प्रयोगात मोडण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते सरांचं स्वतःचं होतं. खरी गोम इथे आहे.

या निमित्ताने मी आपल्या दोन-तीन शिक्षकांशी आणि इतर शाळांत शिकवणाऱ्या मैत्रिणींशी बोलले. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप का, असं विचारलं. सगळ्यांच्या उत्तरात एक शब्द आला, डेडस्टॉक. सर मंडळी हसताहेत. बाकीच्यांसाठी सांगते. शाळेतली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढते. वर्षाअखेरीस मोजणी होते. एखादं भिंग कमी भरलं, वर्तुळपाटी फुटली, तर ज्याच्या ताब्यात कपाट आहे त्याने उत्तर द्यायचं, प्रसंगी भरून द्यायचं. निर्लेखनाची परवानगी यायला काळ जातो. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? कपाटाला कुलूप लावेल आणि प्रयोग टेबलावर स्वतः करून दाखवेल. मुलं लांबून बघतील. वस्तू सुरक्षित, नोंदवही बरोबर. नावच बघा, डेडस्टॉक. मोडू नये म्हणून ठेवलेली वस्तू शेवटी मेलेलीच राहते.

म्हणजे मुलांचे हात आणि वस्तू यांच्यामध्ये शिक्षक उभे नाहीत. मध्ये उभी आहे मोडतोडीची जबाबदारी. मुंबईच्या केंद्रात जे जमतं ते फक्त वस्तू भारी आहेत म्हणून जमत नाही. वस्तू मोडणारच हे तिथे आधीच धरलेलं असतं, आणि त्यासाठी माणसं आणि पैसा बाजूला काढलेला असतो, म्हणून जमतं.

माझ्या धंद्यातही हेच आहे. नवा मुलगा नोकरीला लागला की त्याला आम्ही खऱ्या ग्राहकाच्या यंत्रणेवर लगेच बसवत नाही. त्याची हुबेहूब नक्कल करून देतो आणि सांगतो, यावर काय वाटेल ते कर. त्याने सगळं पाडलं तरी पाच मिनिटांत पुन्हा उभं करता येतं. ज्या मुलाला मोडायची भीती नसते तो महिन्याभरात शिकतो. ज्याला असते तो वर्षभर विचारत राहतो, “मॅडम, हे दाबू का?” हे विचारणारी मुलं बहुतेक कुठून येतात, हे मला आवाजावरून कळतं. ती आपल्यासारख्या गावांतून येतात. हुशारीत तसूभर कमी नसतात. फक्त त्यांचे हात पाठीमागे असतात.

आता मागणं. आपल्या तुकडीने शाळेला काहीतरी द्यायचं ठरलं आहे. सूचना आल्या आहेत: काचेचं कपाट, पाण्याची टाकी, व्यासपीठ, आणि त्यावर आपल्या तुकडीचं नाव. सगळ्या चांगल्या आहेत. माझी सूचना थोडी वेगळी आहे. जुन्या इमारतीतली कोपऱ्यातली रिकामी खोली आपण ‘हात लावा’ खोली करू या. मुख्याध्यापकांनी तोंडी होकार दिला आहे.

त्यात काय ठेवायचं, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. छताला दोन-तीन कप्प्या आणि दोर. माझ्या मामांच्या पडवीत पडलेलं मोटेचं चाक, ते मी आणते. एक जातं, खुंट्यासाठी दोन भोकं पाडलेलं, एक कडेला आणि एक मध्याजवळ. जड लोलक आणि दोरीला बांधलेलं चुंबक. दारात ऊन येतं, तिथे चार आरसे आणि एक पांढरं कापड. सायकलचं चाक आणि गोल फिरणारी एक जुनी ऑफिसची खुर्ची. फिरतं चाक आडवं-उभं केलं की खुर्ची आपोआप कशी वळते ते बघायला. आपल्या दगडवाल्या मित्राकडून एक टोपलीभर गोटे, फोडायचे आणि न फोडायचे. आणि पेला, चमचा, शाईची बाटली. यातलं बरंचसं आपल्या घरांत, शेतांत आणि भंगारात आहे. विकत घ्यायला फार लागणार नाही.

पैसे लागणार आहेत ते वेगळ्याच गोष्टीला, मोडतोडीला. देणगीदार वस्तू देतात, मोडतोडीसाठी कुणी देत नाही. आपण द्यायचे. आपल्यातल्या चाळीस जणांनी वर्षाला हजार-हजार दिले तर चाळीस हजार होतात. या खोलीतली एकही वस्तू शाळेच्या डेडस्टॉकला चढवायची नाही. ती आपल्या तुकडीची मालमत्ता, शाळेला वापरायला दिलेली, असं लेखी पत्र देऊ. काही मोडलं तर कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. दारात फक्त एक वही टांगलेली असेल. काय मोडलं, आणि मोडताना काय कळलं, हे मुलांनी त्यात लिहायचं. वर्षाअखेरीस ती वही आपण वाचू. कोरी निघाली तर समजायचं, खोलीला पुन्हा कुलूप लागलंय.

एक गोष्ट अजून. आपल्या वर्गात मुली सव्वीस होत्या. पुढे विज्ञान घेतलेल्या आम्ही दोघी. बाकीच्यांना जमलं नसतं असं मला कधीही वाटलं नाही. त्यातल्या निम्म्या आज घरचा हिशेब, शेती, दुकान, शिवणयंत्र सगळं हाताने चालवतात. बिघडलेलं मिक्सर उघडून नीट करणारी तर इथेच बसली आहे. माझं म्हणणं आहे, की खोलीचा पहिला आठवडा गावातल्या आयांसाठी आणि आज्यांसाठी ठेवू. त्यांना बोलवू, चाक फिरवू देऊ, आणि मुलांना शेजारी उभं करू. आमच्या घरात सगळ्यात चांगला तास आजीनेच घेतला होता.

काल रात्री मी भाचीला ही योजना सांगितली. तिने एकच शंका काढली. “पण आत्या, पहिल्याच दिवशी मोडलं तर?” मी म्हटलं, “मग वहीत पहिलं नाव तुझं.” ती हसली. तुम्हीही हो म्हणालात, तर पुढच्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ती वही दारात टांगलेली असेल. बाहेर टेबलावर कागद ठेवला आहे. जेवायला जाण्याआधी त्यावर नाव लिहून जा.